झेंड्याच्या मधोमध भोक का? हंगेरीचं ‘छप्पन्न’ आणि जगभर गेलेले दोन लाख निर्वासित

२३ ऑक्टोबरला हंगेरीत राष्ट्रीय सुट्टी असते. बुडापेस्टमध्ये लाल-पांढरे-हिरवे झेंडे लागतात आणि त्यातल्या काहींना बरोबर मध्यावर वाटोळं भोक असतं. फोटो पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, झेंडा जळला असावा किंवा जुना होऊन फाटला असावा. पण ते भोक मुद्दाम कापलेलं असतं. १९५६ साली लोकांनी घरातल्या कात्र्या-सुऱ्यांनी ते कापलं आणि तोच झेंडा घेऊन ते सोव्हिएत रणगाड्यांसमोर उभे राहिले.

२०२६ मध्ये या उठावाला ७० वर्षं होतात. हंगेरियन लोक त्या वर्षाला नुसतं ‘छप्पन्न’ म्हणतात आणि त्यात उतरलेल्यांना ‘छप्पन्नवाले’. आपल्याकडे ‘बेचाळीसची चळवळ’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, तसंच. पण आपल्या शाळेच्या इतिहासात हे प्रकरण जेमतेम एका ओळीत येतं, त्यामुळे बातमी वाचताना गोंधळ उडतो. उठाव कोणाविरुद्ध होता? तो हरला, तर त्याचा गौरव कसला? आणि निर्वासितांचं नाव त्याला कायमचं का जोडलं गेलं?

भोकाच्या जागी काय होतं?

दुसऱ्या महायुद्धात हंगेरी हिटलरच्या बाजूने होती. १९४५ मध्ये सोव्हिएत फौजांनी देश ताब्यात घेतला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत सगळी सत्ता कम्युनिस्ट पक्षाच्या हाती गेली. पक्षाचा प्रमुख मात्याश राकोशी स्वतःला स्टॅलिनचा सर्वांत चांगला शिष्य म्हणवून घ्यायचा. १९४९ मध्ये त्याच्या राजवटीने झेंड्यावर नवं राजचिन्ह आणलं: हातोडा, गव्हाची लोंबी आणि वर लाल तारा. कापून टाकलं ते हेच.

चिन्हाचा एवढा राग का? गुप्त पोलीस दलाचा, म्हणजे ‘आवेहा’चा, धाक घराघरात शिरला होता. बुडापेस्टच्या आंद्राशी मार्गावरची ६० नंबरची इमारत म्हणजे छळाची जागा, हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. पक्षाचे स्वतःचे नेतेही सुटले नाहीत. मंत्री राहिलेल्या लास्लो रॉइकवर १९४९ मध्ये बनावट खटला चालवून त्याला फाशी दिलं.

खेड्यांची गोष्ट आपल्या जुन्या माणसांना लगेच कळेल. लेव्हीचं धान्य आठवतं? हंगेरीत सरकारी माणसं सक्तीची वसुली करायला शेतकऱ्याच्या माळ्यावर चढायची आणि उरलंसुरलं धान्यही घेऊन जायची. या वसुलीला लोकांनी नाव ठेवलं होतं ‘माळा झाडणं’. पेरायला बी शिल्लक राहायची नाही.

१९५३ मध्ये स्टॅलिन गेला. इम्रे नॉज (इंग्रजी स्पेलिंगमुळे आपल्याकडे ‘नागी’ असंही लिहितात) पंतप्रधान झाले. ते कम्युनिस्टच, पण त्यांनी शेतकऱ्यांवरची सक्ती सैल केली, राजकीय कैद्यांना सोडायला सुरुवात केली. दोन वर्षांत त्यांना हटवलं. लोकांनी मात्र मोकळा श्वास एकदा घेऊन पाहिला होता, आणि ते विसरणं अवघड असतं.

बारा दिवस

२२ ऑक्टोबर १९५६ ला बुडापेस्टच्या तंत्र विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १६ मागण्या लिहिल्या. सोव्हिएत सैन्य परत जावं, अनेक पक्षांच्या मोकळ्या निवडणुका व्हाव्यात, इम्रे नॉजना परत आणावं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोर्चा निघाला. कामावरून सुटलेले कामगार त्यात मिसळत गेले. संध्याकाळी एक मोठा जमाव नभोवाणी केंद्रासमोर जमला. त्यांचं म्हणणं एवढंच, की आमच्या मागण्या वाचून दाखवा. तिथे गोळीबार झाला आणि मोर्च्याचा उठाव झाला.

त्याच रात्री दुसऱ्या चौकात लोक स्टॅलिनच्या पुतळ्याशी झटत होते. आठ मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा. दोर लावून ओढला, हलेना. मग गॅसकटर आणून तो गुडघ्यांजवळ कापला. पुतळा कोसळला आणि चौथऱ्यावर उरले नुसते दोन बूट. त्या बुटांत कोणीतरी हंगेरीचा झेंडा रोवला. लोक त्या चौकाला ‘बुटांचा चौक’ म्हणू लागले.

पुढे घटना भराभर घडल्या. सोव्हिएत रणगाडे शहरात आले. २५ तारखेला संसदेसमोर जमलेल्या निःशस्त्र लोकांवर गोळ्या चालल्या. तरुण पोरं पेट्रोल भरलेल्या बाटल्या घेऊन गल्लीबोळांतून रणगाड्यांवर तुटून पडली. कारखान्याकारखान्यांत कामगारांनी आपापल्या परिषदा निवडल्या. २८ तारखेला युद्धबंदी झाली आणि सोव्हिएत फौजा राजधानीतून मागे हटू लागल्या. काही दिवस खरंच वाटलं, की जिंकलो.

१ नोव्हेंबरला नॉज यांनी हंगेरी तटस्थ असल्याचं आणि वॉर्सा करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. वॉर्सा करार म्हणजे सोव्हिएत संघाने पूर्व युरोपातल्या देशांची बांधलेली लष्करी मोट. कागदावर ती मैत्री होती. पण ज्या सोसायटीचा राजीनामा देता येत नाही, तिथले आपण सभासद असतो की कैदी? हंगेरीला उत्तर तीन दिवसांत मिळालं. ४ नोव्हेंबरच्या पहाटे प्रचंड सोव्हिएत सैन्य बुडापेस्टवर चालून आलं. पाच वाजून वीस मिनिटांनी नॉज रेडिओवरून बोलले: सोव्हिएत फौजांनी हल्ला केला आहे, आपले सैनिक लढत आहेत, सरकार आपल्या जागी आहे. भाषण मिनिटभराचंही नव्हतं.

सुमारे अडीच हजार हंगेरियन आणि ७०० च्या आसपास सोव्हिएत सैनिक या उठावात मेले. नंतर सोव्हिएत संघाने बसवलेल्या यानोश कादारच्या नव्या सरकारने दोनशेहून अधिक माणसांना फाशी दिलं. पेतेर मान्सफेल्ड उठावाच्या वेळी १५ वर्षांचा होता. त्याला मार्च १९५९ मध्ये फासावर चढवलं, अठरावं पूर्ण होऊन अवघे ११ दिवस झाले होते.

मदतीला कोणी का आलं नाही?

हा प्रश्न हंगेरियन माणूस आजही विचारतो. नेमक्या त्याच आठवड्यात, २९ ऑक्टोबरला, इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला आणि लगेच ब्रिटन-फ्रान्सही सुएझच्या लढाईत उतरले. स्वतः दुसऱ्याच्या देशावर बॉम्ब टाकत असताना सोव्हिएत संघाला शहाणपण कोणत्या तोंडाने शिकवणार? अमेरिकेत ६ नोव्हेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक होती, आणि अण्वस्त्रं असलेल्या देशाशी युद्ध छेडायची तिची तयारी नव्हती. अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या ‘रेडिओ फ्री युरोप’ने मात्र लढणाऱ्यांना मदत येईल अशी आशा लावली. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणात पश्चिमेची सर्वांत मोठी चूक ही. येणार नसाल तर येतो म्हणू नये.

भारताबद्दलही बोलायला हवं. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सोव्हिएत सैन्य मागे घ्यावं आणि संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका व्हाव्यात, असा ठराव आला. त्याविरुद्ध मत देणारा, कम्युनिस्ट राजवट नसलेला एकमेव देश भारत होता. परक्या देखरेखीतल्या निवडणुकांचा पायंडा उद्या काश्मीरच्या बाबतीत आपल्यावर उलटेल, ही भीती त्यामागे होती. जयप्रकाश नारायण यांनी या भूमिकेवर उघड टीका केली, आणि पुढे नेहरूंनीही सोव्हिएत कारवाईबद्दल अधिक स्पष्ट नापसंती व्यक्त केली.

याची दुसरी बाजूही आहे. बुडापेस्टमधल्या भारतीय वकिलातीशी उठावाच्या बाजूचे विचारवंत शेवटपर्यंत संपर्कात होते. इश्तवान बिबो यांनी वाटाघाटींचा मसुदा लिहिला आणि आर्पाद गोन्त्स यांनी तो भारतीय प्रतिनिधींपर्यंत नेला. दोघांनाही १९५८ मध्ये जन्मठेप झाली. हेच गोन्त्स १९९० मध्ये हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले.

‘हा परकीयांचा डाव होता’ असंही म्हणतात, त्याचं काय?

कादार सरकारचं अधिकृत म्हणणं तेच होतं. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या समितीत ऑस्ट्रेलिया, सिलोन, डेन्मार्क, ट्युनिशिया आणि उरुग्वे हे पाच देश होते. तिला हंगेरीत पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून तिने बाहेर आलेल्या १११ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या. १९५७ च्या अहवालात तिने निष्कर्ष काढला, की हा उत्स्फूर्त राष्ट्रीय उठाव होता. शिवाय रस्त्यावर लढणारे बहुतेक कारखान्यांतले कामगार होते. ज्यांच्या नावाने ती राजवट चालायची, तेच.

लढणाऱ्यांकडूनही अत्याचार झाले, हे लपवू नये. ३० ऑक्टोबरला पक्षाच्या बुडापेस्ट कार्यालयावर हल्ला झाला तेव्हा शरण आलेल्यांनाही जमावाने ठार मारलं. त्या चौकातले फोटो बघवत नाहीत. उठावाचा सन्मान करणाऱ्याने तेही डोळ्यांआड करू नयेत.

दोन लाख माणसं बाहेर पडली कशी?

एरवी हंगेरीची ऑस्ट्रियाकडची सीमा ओलांडणं म्हणजे मरण. काटेरी तारा, टेहळणीचे मनोरे आणि जमिनीत सुरुंग. पण राजकीय वातावरण जरा निवळलं म्हणून १९५६ मध्ये, उठावाच्या आधीच, ऑस्ट्रियाच्या बाजूचे सुरुंग काढून टाकले होते. त्या वेळी कोणाला कल्पनाही नव्हती, की आपण दोन लाख लोकांची वाट मोकळी करतोय.

ऑस्ट्रियातल्या आन्दाऊ गावाजवळ एक कालवा आहे, तीच सीमा. त्यावर शेतकऱ्यांनी वापरायचा साधा लाकडी साकव होता, गाडी जाणार नाही असा. नोव्हेंबरच्या थंडीत, चिखलातून, अंधारात लोक तिथवर यायचे. लहान मुलं रडू नयेत म्हणून त्यांना झोपेचं औषध दिलेलं असायचं. कोणाकडे एक बॅग, कोणाकडे तीही नाही. त्या एका साकवावरून सुमारे ७० हजार माणसं पलीकडे गेली. २१ नोव्हेंबरला तो उडवून दिला. तरी लोक येतच राहिले.

ऑस्ट्रियात सुमारे एक लाख ऐंशी हजार आणि युगोस्लाव्हियात वीस हजार माणसं पोचली. हंगेरीची लोकसंख्या तेव्हा एक कोटीच्या आतबाहेर होती, म्हणजे दर पन्नास माणसांतला एक देश सोडून गेला. आणि ऑस्ट्रिया? परकीय सैन्य तिथून निघून जेमतेम वर्ष झालं होतं. सत्तर लाखांचा, युद्धातून नुकताच सावरणारा देश. त्याने दार लावलं नाही.

कायद्याने ‘निर्वासित’ कोण?

आता थोडा कायदा. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित म्हणजे धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी सार्थ भीती असल्याने देशाबाहेर असलेला आणि परत जाऊ न शकणारा माणूस. पण करारात एक मेख होती. १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांमुळे बाहेर पडलेल्यांनाच तो लागू होता, आणि हे लोक पळाले १९५६ मध्ये.

मार्ग कसा काढला, ते सोसायटीच्या भाषेत सांगतो. समजा ठराव आहे, की १ जानेवारीपूर्वी झालेल्या बिघाडाचीच दुरुस्ती सोसायटी करेल. तुमच्या छताला ओल आली आषाढात. सेक्रेटरी म्हणतो, तारीख उलटली. तुम्ही म्हणता, ओल आता दिसली, पाइप तर आधीच फुटला होता. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयातले कायदेतज्ज्ञ पॉल वाइस यांनी नेमका हाच युक्तिवाद केला. लोक आज पळतायत, पण मूळ कारण आहे १९४० च्या दशकात लादलेली राजवट. तो मान्य झाला. शिवाय एकेकाची चौकशी करत न बसता सगळ्या लोंढ्यालाच निर्वासित मानलं गेलं. पुढे १९६७ मध्ये ती तारखेची अट करारातून कायमची गेली.

(भारताने या करारावर आजवर सही केलेली नाही. तरी १९५९ मध्ये तिबेटी लोकांना आपण आसरा दिलाच.)

मग ते गेले कुठे?

२०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे काय झालं, आठवा. आधी जवळच्या शाळेत, मंगल कार्यालयात सगळ्यांची सोय, आणि मग कोणी मावशीकडे, कोणी लेकीच्या सासरी. ऑस्ट्रिया ही ती शाळा होती. तिथून लोकांना वेगवेगळ्या देशांनी नेलं, ३७ देशांनी. अमेरिका आणि कॅनडाने प्रत्येकी ३५ हजारांहून जास्त माणसं घेतली, ब्रिटनने वीस हजारांच्या आसपास. पहिल्या अडीच महिन्यांतच सुमारे एक लाख लोक ऑस्ट्रियातून पुढे रवाना झाले होते. आजच्या गतीच्या हिशेबात हे अविश्वसनीय वाटतं.

मला यातली सर्वांत भावलेली गोष्ट शोप्रोनच्या वनविद्या महाविद्यालयाची. सीमेला लागून असलेलं हे गाव. फौजा आल्या तेव्हा विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून ऑस्ट्रियात गेले. त्यांचे प्रमुख काल्मान रोलर यांनी देशोदेशींना पत्रं लिहिली: आम्ही एक अख्खं महाविद्यालय आहोत, आम्हाला एकत्र घ्याल का? कॅनडाने हो म्हटलं. सुमारे २०० विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि कुटुंबं समुद्र ओलांडून, मग आगगाडीने अख्खा कॅनडा पार करून पश्चिम किनाऱ्यावर पोचली. आधी पॉवेल रिव्हर या कागद गिरणीच्या गावात राहून त्यांनी इंग्रजी शिकून घेतलं. मग व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने त्यांच्यासाठी ‘शोप्रोन विभाग’ उघडला, जिथे सुरुवातीला शिकवणं हंगेरियनमध्येच होतं. १९६१ मध्ये शेवटची तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली आणि ही मुलं कॅनडाच्या जंगलांत कामाला लागली. ओक-बीचच्या रानात शिकलेल्या पोरांनी आभाळाला टेकणारे डग्लस फरचे वृक्ष सांभाळले.

निर्वासितांची वसाहत आपल्याही मातीने पाहिली आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सोव्हिएत संघातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. त्यांचे वंशज आजही कोल्हापूरला येऊन जातात. त्यामुळे ‘युरोपातला माणूस निर्वासित’ ही कल्पना मराठी माणसाला अगदीच अनोळखी नाही.

त्यांनी काय दिलं?

जुन्या कॉम्प्युटरवर ‘इंटेल इनसाइड’चं निळं स्टिकर असायचं. ती कंपनी मोठी करणारे अँडी ग्रोव्ह म्हणजे बुडापेस्टचा आंद्राश ग्रोफ. लहानपणी ज्यू म्हणून नाझींपासून लपलेला, विसाव्या वर्षी सीमा ओलांडून न्यूयॉर्कला पोचलेला. तिथल्या सिटी कॉलेजमध्ये तो शिकला आणि १९६८ मध्ये इंटेल सुरू झाली तेव्हा अगदी पहिल्या कर्मचाऱ्यांत होता.

रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला कुटुंबासह बाहेर पडले, आधी कॅनडात, मग अमेरिकेत गेले आणि १९९४ चं नोबेल मिळवलं. विल्मोश झिगमोंड आणि लास्लो कोवाच हे छायालेखनाचे दोन तरुण. त्यांनी उठाव कॅमेऱ्यात टिपला, फिल्मची रिळं पाठीवर मारून सीमा ओलांडली आणि पुढे हॉलीवूडच्या सिनेमाचा प्रकाश बदलून टाकला. संगीतकार ग्योर्ग्य लिगेती व्हिएन्नाला पोचले. पळून आलेल्या वादकांनी १९५७ मध्ये ‘फिलहार्मोनिया हंगारिका’ हा वाद्यवृंद उभा केला, तो २००१ पर्यंत वाजत होता.

आणि खेळाडू. ६ डिसेंबर १९५६ ही तारीख आपल्याला बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची म्हणून पाठ आहे. त्याच दिवशी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरी आणि सोव्हिएत संघ यांचा वॉटरपोलोचा सामना होता. हंगेरीने तो ४-० ने मारला. शेवटी शेवटी एर्विन झादोरच्या डोळ्याजवळ सोव्हिएत खेळाडूचा ठोसा बसला आणि तो रक्ताळलेल्या चेहऱ्याने पाण्याबाहेर आला. प्रेक्षक एवढे खवळले, की सामना तिथेच थांबवावा लागला. हंगेरीने सुवर्णपदक घेतलं, पण झादोर घरी परतला नाही. अमेरिकेत तो पोहणं शिकवू लागला आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्या मुलांत पुढे ऑलिंपिक गाजवणारा जलतरणपटू मार्क स्पिट्झ होता.

‘ही तर निवडक हुशार माणसं. बाकीच्यांचं काय?’

आक्षेप रास्त आहे. दोन लाखांतले बहुतेक जण फिटर झाले, नर्स झाल्या, खाणीत उतरले, बेकरी चालवली. काही हजार लोक परत गेले. काहींना परकी भाषा शेवटपर्यंत जमली नाही. ऑस्ट्रियाच्या शेतकऱ्याने आन्दाऊला गरम चहा पुढे केला तेव्हा त्याने ‘यातला नोबेलवाला कोण?’ असं विचारलं नव्हतं. निर्वासितांचं कर्तृत्व सांगावं, जरूर सांगावं, पण ते त्यांना दिलेल्या आसऱ्याचं भाडं म्हणून मोजू नये.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. शीतयुद्धात कम्युनिस्टांपासून पळालेल्याला जवळ करणं पश्चिमेच्या सोयीचं होतं, शिवाय ही माणसं बहुतेक तरुण, शिकलेली, गोरी आणि ख्रिस्ती होती. बाकीच्यांना असं स्वागत मिळतं का? नाही मिळत. खुद्द हंगेरीने २०१५ मध्ये सर्बियाच्या सीमेवर १७५ किलोमीटरचं कुंपण घातलं. छप्पन्न आणि २०१५ सारखेच नाहीत, असं तिथल्या तेव्हाच्या सरकारने म्हटलं, आणि परिस्थितीत फरक आहेतही. तरी साकवावरून गेलेल्यांच्या देशात हे कुंपण पाहून मला वाईट वाटतं.

एका शब्दासाठी ३३ वर्षं

कादारच्या राज्यात छप्पन्नला ‘प्रतिक्रांती’, म्हणजे कम्युनिस्ट क्रांतीविरुद्धचं बंड, म्हणायची सक्ती होती. शाळेच्या पुस्तकात तोच शब्द आणि घरात गप्प. इम्रे नॉजना १६ जून १९५८ ला फाशी दिलं. पुढे बुडापेस्टच्या दफनभूमीत, एका कोपऱ्यातल्या ३०१ नंबरच्या तुकड्यात त्यांना पालथं पुरलं, डांबरी कागदात गुंडाळून. नोंदवहीत नाव एका बाईचं लिहिलं. तिथे फुलं ठेवायला येणाऱ्यांना पोलीस हुसकावत.

जानेवारी १९८९ मध्ये सत्ताधारी पक्षातल्याच इम्रे पोज्गाई यांनी रेडिओवर वेगळा शब्द उच्चारला: ‘लोकउठाव’. एवढ्याने भिंतीला तडा गेला. १६ जूनला नॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं सन्मानाने पुन्हा दफन झालं. ६ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं आणि त्याच दिवशी कादार वारला. २३ ऑक्टोबरला हंगेरी प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली.

१६ जूनच्या त्या दिवशी बुडापेस्टच्या वीरांच्या चौकात सहा शवपेट्या ठेवल्या होत्या. पाच पेट्यांत नॉज आणि त्यांचे चार सहकारी होते. सहावी रिकामी होती, ज्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत त्यांच्यासाठी. दिवसभर लोक रांगेने येत राहिले आणि फुलं सहाही पेट्यांपाशी ठेवत राहिले.